मास्क-टोपी की पॅनेल? नागपूरच्या उन्हाळ्यात ठरलेली निवड

कातडी सुधारावी, केस वाढावेत म्हणून घेतात त्या लाल प्रकाशाच्या उपचारात दम आहे की नाही, हा वाद इथे काढत नाही. 1967 साली बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर लेझर सोडला आणि तिथे केस लवकर उगवले, तिथून हे सगळं सुरू झालं. तुम्ही बहुधा यंत्र घ्यायचं ठरवूनच बसला आहात. अडतं ते एवढ्यावरच की अंगावर चढवायचं की समोर ठेवायचं: चेहऱ्याला मास्क नि डोक्याला टोपी, की टेबलावर उभं करायचं दिव्यांचं पॅनेल?

कागदावर मास्क-टोपीचं पारडं जड आहे, हे आधीच कबूल. दिवे कातडीला लागून असतात, अंतराची भानगड नाही. पॅनेलसमोर मान जरा मागे गेली तरी प्रकाश कमी पोचतो. केसांचं तर विचारूच नका. भांग सोडला तर पॅनेलचा बराचसा उजेड केसांतच अडतो. केसांवरचे बरे अभ्यासही झालेत ते 650 नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे लाल प्रकाशाच्या, लेझर कंगव्यांवर आणि टोप्यांवर. अमेरिकेत 2007 साली मंजुरी मिळाली तीही अशाच एका कंगव्याला. शिवाय मास्क बॅटरीवर चालतो. मे महिन्यातल्या वादळात लाइन गेली की पॅनेल नुसतं शोभेला.

तरी माझ्या टेबलावर रोज लागतं ते पॅनेलच. कारण घाम.

पुण्या-नाशिकच्या माणसाला हे कारण पोरकट वाटेल. पण मार्च सरल्यावर नागपुरात सिलिकॉनचा मास्क बांधून बसून पाहा. कूलर समोर घोंघावत असतो, पण त्याची हवा मास्कच्या आत शिरत नाही. कपाळावरून थेंब सुटतो, नाकाच्या कडेने ओठापर्यंत येतो आणि पुसायची सोय नसते. चष्मा काढलेला, म्हणून वाचणंही नाही. टोपीच्या आतली गत याहून वाईट. नवतपा लागला तेव्हा माझ्या कपाळावर घामोळ्या उठल्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यापेक्षा भर दुपारी धरमपेठेत चक्कर मारून या ना, घाम तेवढाच येते अन् भाजीही होऊन जाते."

घामाने नुसता वैताग येतो असं नाही, खंड पडतो. आज नको, उद्या बघू, असं करत यंत्र कपाटात जातं. आणि हा उपचार सगळा नेमावर चालतो. केसांसाठी तर 4 ते 6 महिने नेटाने केल्याशिवाय बोलायचंच नाही. पॅनेल आणि चेहरा यांच्यामधून कूलरची हवा खेळते, म्हणून नेम टिकतो. अंतरासाठी मी टेबलावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे. डोळ्यांवर गॉगल मात्र हवाच.

गुण आला का? गालाचा पोत सुधारला असं मला वाटतं, भावाला वाटत नाही. केसांना मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषधही चालू आहे, तेव्हा श्रेय कुणाचं ते सांगणं कठीण.

वांग असेल तर मात्र, मास्क असो की पॅनेल, त्यात निळा दिवा असेल तर तो बंदच ठेवा. मुरुमांच्या जंतूंवर तो चालतो, पण आपल्या सावळ्या कातडीवर त्याने डाग गडद होऊ शकतात. डॉक्सिसायक्लिनसारखी, कातडी प्रकाशाला हळवी करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

टक्कल हीच मुख्य चिंता असेल तर मी आग्रह धरणार नाही, टोपीच घ्या. फक्त दिवाळी झाली की लगेच सुरू करा, म्हणजे पहिले 4 महिने थंडीतच निघतील.