क्रॅब फेन्सिंग दोन हंगाम वापरल्यावर: माल टिकाऊ, पण खालच्या कडेचं काय?

व्हेनामी कोळंबीची शेती करणाऱ्यांना क्रॅब फेन्सिंग (खेकडे अडवायला तलावाभोवती लावायची जाळी) आणि बर्ड लाइन (पक्षी उतरू नयेत म्हणून तलावावर ताणायच्या दोऱ्या) म्हणजे काय ते सांगायला नको. कोस्टल ॲक्वाकल्चर अथॉरिटीच्या नियमांत दोन्ही आहेत. आमच्या पालघरच्या खाडीपट्ट्यात बरेच जण तपासणीपुरती लावतात आणि पुढच्या पावसात कुजू देतात. मी लिहायला बसलो कारण दिवाळीनंतर आमच्या बांधाला लागून असलेल्या तलावात व्हाइट स्पॉट हा कोळंबीचा विषाणूजन्य रोग आला. चेक ट्रेमधलं (कोळंबी किती खाते ते बघायच्या थाळीतलं) खाद्य उरायला लागलं, मग कोळंबी कडेला येऊन पडायला लागली, अंगावर लाली, आणि आठवड्याच्या आत तलाव संपला. आमचा तलाव वाचला. सगळं श्रेय फेन्सिंगचं नाही, पण तिचा वाटा मोठा आहे.

आधी मालाबद्दल. जाळी जाड आहे, उन्हाने फाटली नाही, रंग उडाला तरी धागा मजबूत आहे. वरच्या बाजूला गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी आहे आणि ती फार कामाची आहे, कारण खेकडा नुसत्या जाळीवर सरळ चढतो, गुळगुळीत पट्टीवर त्याचे पाय टिकत नाहीत. खुंट्या बऱ्या आहेत. क्लिपा भिकार आहेत, निम्म्या पहिल्या उन्हाळ्यातच तुटल्या. आम्ही नायलॉनच्या दोरीने बांधून घेतलं आणि तो विषय संपला.

खालच्या कडेचा विषय मात्र संपत नाही. विकताना सांगितलं, "दोन फूट उंची मिळेल." आलेल्या गुंडाळीची एकूण रुंदीच दोन फूट. म्हणजे मातीत पुरायला काहीच धरलेलं नाही. वीतभर पुरली की वर दीड फूटही राहत नाही, आणि न पुरता नुसती टेकवली तर तिचा उपयोग शून्य. चिंबोरी (खाडीतला खेकडा) बांधात बीळ करते, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिला वरून यायची गरजच काय? मी फोन केला तर पलीकडचा म्हणाला, "दादा, खाली दगड ठेवा ना." चौरस तलाव एक हेक्टरचा असेल तर घेर 400 मीटर होतो. एवढ्या लांबीत दगड ठेवायचे, आणि पहिल्या मोठ्या सरीत बांधाची माती सरकली की ते पुन्हा रचायचे! बरेच दिवस फोनाफोनी चालली. शेवटी जुन्या लायनरच्या (तलावात अंथरायच्या प्लॅस्टिकच्या) पट्ट्या कापून आम्हीच खालच्या कडेला शिवल्या, चर खणून पुरल्या, वर माती चोपली. या कामाची मजुरी जाळीच्या किमतीच्या जवळपास गेली, याचा राग अजून आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कडेसाठी एवढं काय? मला ती कडच मुख्य वाटते. व्हाइट स्पॉटला औषध नाही. पूर्व किनाऱ्यावर 1994 च्या सुमाराला टायगर कोळंबीत तो आला, तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. शेतावर वापरता येईल अशी लसही बाजारात नाही. जी पावडर "इम्युनिटी"च्या नावाने खपवली जाते ती विषाणू मारत नाही, आणि अँटिबायोटिकचा विषाणूशी काही संबंधच नाही. मग हातात उरतं एकच, त्याला आत येऊ न देणं. खेकडा स्वतः न मरता हा विषाणू महिनोन्‌महिने अंगात बाळगू शकतो. खाजणातली जंगली कोळंबीही तसंच करते. असा एक खेकडा आत शिरून मेला आणि कोळंबीने तो खाल्ला, की झालं.

"बीज एसपीएफ आहे, पीसीआर निगेटिव्ह आहे," हे उत्तर मला दर वेळी मिळतं. बीज म्हणजे तलावात सोडायची कोळंबीची पिल्लं, पीसीआर म्हणजे त्यांच्यात विषाणू आहे का ते बघणारी चाचणी. एसपीएफ म्हणजे ठरावीक रोगांपासून मुक्त. रोग लागणारच नाही असा त्याचा अर्थ नाही. पीसीआरचंही तसंच. 150 पिल्लांचा नमुना तपासला तर शंभरात दोन पिल्लं बाधित असली तरी ते 95 टक्के खात्रीने कळतं. त्याहून कमी असतील तर निसटू शकतात. नियमाप्रमाणे चौरस मीटरला 60 पर्यंत बीज सोडता येतं, म्हणजे हेक्टरी सहा लाख. तपासणी कराच, मी तिच्याशिवाय बीज उतरवून घेत नाही. पण त्या कागदानंतर पुढचे चार महिने तलाव उघड्यावर असतो.

बर्ड लाइनबद्दल माझं मत मधेच बदललं. उन्हाळी पिकात ती मला निव्वळ खर्च वाटली. बगळे कडेने चालत यायचे, पाणकावळे दोऱ्यांच्या फटीतून उतरायचे. तेव्हा विचारलं असतं तर लावू नका म्हणालो असतो. शेजारी रोग आला आणि चित्र पालटलं. मेलेल्या कोळंबीवर कावळ्यांचा थवा बसायचा. एकेक उचलून उडायचे, दुसऱ्या बांधावर बसून खायचे, अर्धी खाली टाकायचे. पक्ष्याच्या पोटातून विषाणू पसरण्याची भीती फारशी नाही, चोचीतून पडलेल्या त्या अर्ध्या कोळंबीची आहे. त्या दिवसांत दोऱ्या दाट करून घेतल्या आणि दिवसभर माणूस बसवला. पाण्यावर काही पडलं नाही. बगळ्यांनी खाल्लेल्या कोळंबीचा हिशेब मी आता सोडून दिला आहे.

फेन्सिंग लावणाऱ्यांनी आणखी एक बघा. जाळी कितीही चांगली असली तरी एअरेटरची (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राची) केबल, पंपाचा पाइप आणि बांधावरचं गवत तिच्यावरून जात असेल तर खेकड्याला पूलच बांधून दिलेला असतो. केबल खांबावर उंच घेतली, पाइपाभोवती पट्टी गुंडाळली, गवत दर आठवड्याला कापतो. पाण्यासाठी 80 मायक्रॉनची पिशवी आहे. विषाणूची लांबी अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी, तो पिशवीत अडकत नाही. अडकतात ती खेकड्याची आणि कोळंबीची अंडी-पिल्लं. म्हणून पाणी आधी राखीव तलावात घेऊन ब्लीचिंग करायचं, मग आत सोडायचं. पाग (फेकायचं जाळं) प्रत्येक तलावाचा वेगळा. शेजारी रोग असताना आम्ही खाडीचं पाणी घेणंच बंद केलं. शेजारच्या तलावाच्या काकांनी तो लगेच खाडीत रिकामा न करता पाण्यात ब्लीचिंग टाकून काही दिवस थांबायचं कबूल केलं, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. सिबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगात उन्हात वाळवलेल्या गाळात हा विषाणू 19 दिवस आणि पाण्याखालच्या गाळात 35 दिवस रोगकारक राहिला होता, तेव्हा पुढच्या पिकाची घाई त्यांनीही करू नये आणि आपणही नाही. थंडीत तर नाहीच. पाणी 32 अंशांच्या वर असलं की हा विषाणू मंदावतो, गारव्यात जोर धरतो.

घ्यावी का? घ्या. हेक्टरी बियाण्यावर होणाऱ्या खर्चापुढे तिची किंमत लहान आहे. फक्त ऑर्डर देताना "एकूण रुंदी" लेखी घ्या, किमान पावणेतीन फूट, म्हणजे वीतभर पुरून दोन फूट वर राहील. विक्रेत्याने माझ्या तुटलेल्या क्लिपांचे पैसे परत केले. कडेच्या मजुरीचं बिल पाठवलं आहे, त्यावर अजून उत्तर नाही. आलं तर इथेच लिहीन.