शुगर जाणार होती, गेले ४२०० रुपये

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमधे ‘मोफत शुगर तपासणी’चा बोर्ड लागला. आईला बारा वर्षं शुगर आहे, ती गेली, संध्याकाळी साडेपाचला, चहा आणि चार मारी बिस्किटं खाऊन. आली ती चेहरा पाडूनच, २४० आली म्हणे. हातात पावडरचे तीन पांढरे डबे आणि एक पॅम्प्लेट. "हे फंक्शनल फूड आहे, औषध नाहीच, मग साइड इफेक्ट कुठून येणार" असं तिथल्या पोरानं सांगितलेलं, आणि पोरगा इतका गोडबोल्या की आई त्याला जेवायला बोलवायच्या बेतात होती. तीन डब्यांचे ४२०० रुपये.

दहा दिवसांनी तो घरी हजर, सकाळी सातला. "मावशी, काही खाल्लं नाही ना?" परत बोट टोचलं, १३८. "बघा मावशी, शंभरनं उतरली!" मी तिथेच ब्रश तोंडात धरून उभा होतो आणि मलाही पटलं हो, खोटं कशाला बोलू. पहिली तपासणी चहा-बिस्किटानंतरची आणि दुसरी उपाशीपोटी, हे दोन आकडे शेजारी ठेवायचेच नसतात, पावडरऐवजी अंगारा दिला असता तरी फरक तेवढाच दिसला असता. हे डोक्यात यायला मला तीन महिने लागले.

आणि तोवर आईनं कोणाला न सांगता शुगरची रात्रीची गोळी बंद केली होती. पॅम्प्लेटवर ‘९० दिवसांत गोळ्यांपासून मुक्ती’ लिहिलेलं ना. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट केली तर ७.२ ची ९.६. डॉक्टर आईला रागावले नाहीत, म्हणाले डबा घेऊन या.

डब्यावर साखर शून्य. पण घटकांच्या यादीत सगळ्यात जास्त वजनाचा घटक आधी लिहावा लागतो आणि इथे पहिलं नाव होतं माल्टोडेक्स्ट्रिन. ही स्टार्चपासून केलेली पावडर, लेबलच्या हिशेबात साखर धरत नाहीत पण रक्तातली शुगर झपकन वाढवते. जांभूळ बी आणि मेथी यादीच्या अगदी शेपटाला. किमतीचा स्टिकर जरा जाड वाटला म्हणून नखानं सोलला तर खाली बारीक इंग्लिशमधे छापलेलं, औषधी वापरासाठी नाही!

आता खरी मेख. डब्यावर मधुमेह हा शब्द कुठेच नाही, सगळे दावे पॅम्प्लेटवर आणि तोंडी. मला वाटलं सुटला हा. पण अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ मधे जाहिरातीची व्याख्या वाचा, लेबल, परिपत्रक, बिल सगळं धरलंय, अगदी धुरातून केलेली जाहिरातसुद्धा (कोण करतं देव जाणे). म्हणजे पॅम्प्लेट आलंच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि साध्या खाण्याच्या वस्तूनं आजार बरा होतो असं म्हणायला २०१८ च्या दाव्यांच्या नियमांत मनाई आहे. त्याच्याही आधीचा १९५४ चा औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरचा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह नाव घेऊन आहे.

आणि ते ‘एफएसएसएआय अप्रूव्ह्ड’ (एफएसएसएआय म्हणजे अन्नाच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था). अहो, तो १४ आकडी नंबर धंदा करायची परवानगी असते, शुगर उतरते हे कोणी तपासलंय असा त्याचा अर्थ नाही. पापडाच्या पाकिटावरही असतो तो. आमच्या डब्यावरचा २ नं सुरू होत होता, म्हणजे छोट्या धंद्याची नुसती नोंदणी.

पोराचा फोन आता लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि अन्न व औषध प्रशासनाकडेही अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का? आहे, एका कोऱ्या चिठ्ठीवर ‘हर्बल मिक्स ३ नग’ आणि रक्कम, ना दुकानाचं नाव ना जीएसटी नंबर. पॅम्प्लेट मात्र आईनं देवघराच्या खणात जपून ठेवलं होतं, तेच कामाला आलं. न फोडलेला तिसरा डबा तसाच ठेवा, टाकू नका असं साहेब म्हणाले, म्हणून तो फ्रिजवर आहे. कोणी पाहुणे आले की आई त्याच्यावर रुमाल टाकते.