खर्ज ऐकू येतो का? : काळी चारच्या तंबोऱ्यासाठी घेतलेला स्पीकर

दुकानातल्या मुलानं पहिलं गाणं लावलं ते वरातीतलं. काउंटरची काच थरथरायला लागली. "काकू, बेस बघा!" म्हणाला. बेस बघायचीच गोष्ट होती, कारण काचेवर ठेवलेली माझी चष्म्याची डबी हळूहळू कडेकडे सरकत होती. ती उचलून मी म्हटलं, "बाळा, आता माझा फोन जोड." आणि तंबोरा लावला. काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा, आणि पहिली तार पंचमाची. मिनिटभर आम्ही दोघंही नुसते उभे. शेवटी त्यानं विचारलं, "काकू, यात गाणं कधी सुरू होतं?"

"हेच आहे रे."

तर हा एका स्पीकरबद्दलचा अनुभव आहे, पण पार्टी, ट्रेक, गच्चीवरची कोजागिरी यांसाठी स्पीकर शोधणाऱ्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. मी बँकेतून २०२३ मध्ये निवृत्त झाले आणि साठीला टेकल्यावर गाणं शिकायला लागले. राहायला सांगलीत, शिकवणी मिरजेत, आठवड्यातून दोनदा. तिथं बाईंचा तंबोरा असतो. घरी मी आणि माझा फोन.

फोनवर तंबोऱ्याचं ॲप चांगलं आहे, तक्रार त्याच्या आवाजाची. पहिले सहा महिने मी फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवून रियाज केला. आवाज मोठा होतो खरा, पण तंबोरा पातेल्याचा होतो. मग इअरफोन लावून पाहिले. त्यात आपला आवाज डोक्याच्या आत घुमतो आणि वाटतं, वा, काय सूर लागलाय! दुसऱ्या दिवशी बाईंसमोर बसलं की कळतं काय लागला होता ते. इअरफोन लावून गाऊ नका, एवढं तरी या लेखातून घ्या.

खरा तंबोरा का नाही घेतला, हे आधी सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात. मिरज इथून दहा किलोमीटर. सतारमेकर गल्लीत वाद्यं डोळ्यांसमोर घडताना दिसतात, आणि मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. घ्यायचा आहेच. पण बाईंचं म्हणणं, "आधी लावायला शिका, मग घ्या. बेसूर तंबोऱ्यासमोर रोज तासभर बसलात तर कान कायमचा बिघडेल." पावसाळ्यात त्या स्वतःसुद्धा वीस-वीस मिनिटं खुंट्या आणि मणी फिरवत बसतात. मी बसले तर दुपार होईल.

आता माझा पहिला मूर्खपणा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलमध्ये हजाराच्या आतला एक स्पीकर ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव सांगत नाही, तसल्या वीस कंपन्या आहेत आणि माल सगळ्यांचा सारखाच दिसतो. त्याला बेस एवढा फुगवलेला की जोडीच्या तारा (मधल्या दोन, सा च्या) खर्जात (चौथ्या, सगळ्यात खालच्या सा च्या तारेत) बुडून जायच्या. जव्हारी, म्हणजे तारांचा तो झणत्कार, नावाला नाही. वर तो सुरू झाला की आतून एक बाई इंग्रजीत ओरडायची. पहाटे साडेपाचला! आवाज कमी करायची सोय तंबोऱ्याला होती, त्या बाईला नव्हती. चार्जिंग संपत आलं की तीच बाई दर दोन मिनिटांनी आलापात घुसायची. आठव्या महिन्यात त्यानं चार्ज घेणंच सोडलं. मला फार दुःख झालं नाही.

या वेळी ठरवलं, आधी समजून घ्यायचं, मग पैसे काढायचे. भाचा ध्वनिमुद्रणाचं काम करतो. त्याला फोन लावला, तर त्यानं उलट मलाच विचारलं, "मावशी, तुझा सा कितीचा?" म्हटलं, काळी चार. तो म्हणाला, मग तुझ्या जोडीच्या तारा सेकंदाला साधारण २०८ वेळा थरथरतात, आणि खर्जाची पितळी तार त्याच्या निम्म्यानं, १०४. स्पीकरच्या माहितीत 'फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स' असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा बघ. तो १०४ च्या बराच खाली असायला हवा.

एवढी साधी गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. मी वॉट बघत होते, बॅटरीचे तास बघत होते, रंगसुद्धा बघत होते.

जेबीएल कंपनीच्या गो ३ या छोट्या स्पीकरचा हा आकडा ११० आहे. म्हणजे माझा खर्ज त्याच्या उंबऱ्याबाहेरच. गो ४ चा ९०. त्यांच्याच जरा मोठ्या फ्लिप ६ चा ६३. आमच्या वर्गात एक गृहस्थ काळी एकला गातात, त्यांचा खर्ज येतो ६९ वर. त्यांनी गो घेतला तर तंबोऱ्याच्या चार तारांतली एक त्यांना कायमची सोडून द्यावी लागेल. पुरुषांनी या बाबतीत जास्त जपून घ्यायला हवं, आणि बहुतेक वेळा छोटा डबा उचलतात तेच.

काही खोक्यांवर '२० ते २०,०००' असं छापलेलं दिसतं. भुलू नका. तो बहुधा ब्लूटूथवरून येणाऱ्या सिग्नलचा पल्ला असतो. तळहातावर मावणारी डबी २० हर्ट्झ (सेकंदाला २० कंपनं) वाजवत नाही, कितीही महाग असली तरी. खालच्या सुराला हवा ढकलावी लागते, आणि ढकलायला अंग लागतं.

पण आकड्यांनी सगळं ठरलं असतं तर दुकानात जायची गरज नव्हती. गंमत तिथंच कळली. त्या मुलानं आधी गो ४ लावला. मला वाटलं होतं खर्ज गायब असेल. तसं झालं नाही. पंचम आला, जोड आली, चौथ्या तारेला सा आहे हेही कळलं, आणि खर्जातून आपोआप उमटणारा तो गंधारसुद्धा स्वच्छ ऐकू आला. भाच्यानं नंतर सांगितलं की तो गंधार खर्जाच्या पाचपट वर, ५२० च्या आसपास असतो, तिथं छोट्या स्पीकरला काहीच अडचण नाही. आणि वरचे हे सगळे अंश ऐकू आले की मूळ सूर क्षीण असला तरी कान तो स्वतःच भरून घेतो. म्हणूनच एवढ्याशा फोनवरसुद्धा आपल्याला 'तंबोरा चालू आहे' असं वाटतं.

मग अडलं कुठं? तांब्यावर टिचकी मारली तर आवाज येतो, घागरीवर मारली तर घुमतो. गो ४ तांब्या निघाला. ९० लिहिलंय म्हणजे तिथवर कसाबसा पोचतो, भरघोस वाजतो असं नाही. दुकानातच हळू आवाजात सा लावून पाहिला. (लाज सोडल्याशिवाय साठीत गाणं होत नाही.) सूर जुळत होता, पण टेकायला काही मिळत नव्हतं.

फ्लिप ६ लावला तेव्हा मुलानं सवयीनं आवाज वाढवायला बोट पुढं केलं, मी थांबवलं. कमी आवाजातच ऐकायचं होतं. तंबोरा गाणाऱ्याच्या मागं असतो, पुढं नाही. याच्या दोन्ही टोकांना गोल पडदे असतात. मी एका पडद्यावर करंगळी अगदी हलकी टेकवली. पंचमाला जाणवेल न जाणवेल असं. जोडीला काही नाही. आणि खर्जाला पडदा हलकेच पुढं येऊन मागं गेला. मी मुलाचं बोट धरून तिथं ठेवलं. त्यानं तीन आवर्तनं मोजली आणि म्हणाला, "काकू, चौथ्याला हलतोय!" वरातीच्या गाण्यात सगळंच हलत होतं, त्यामुळं हे त्याला कधी दिसलं नव्हतं.

घेतला. नऊ हजारांना थोडे कमी पडले. पुढचं मॉडेल, फ्लिप ७, आल्यामुळे हा जरा उतरलेल्या भावात मिळाला. गो ४ याच्या निम्म्याहून कमीत मिळाला असता, आणि काळी पाचला गाणाऱ्या एखाद्या मुलीला, जिला रोज स्पीकर पर्समध्ये टाकून क्लासला जायचंय, मी तोच घे म्हणेन. त्याचं वजन १९० ग्रॅम, फ्लिपचं ५५०. मिरजेच्या एसटीत हा अर्धा किलो माझ्या खांद्याला कळतो.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी निराशा झाली. आवाज पोकळ. मी तो दिवाणावर, गादीत रुतवून ठेवला होता, आणि ते टोकांचे पडदे उशीला टेकलेले. उचलून खोलीच्या कोपऱ्यात, लाकडी पाटावर ठेवला. दोन्ही भिंतींपासून वीतभर अंतर. खर्ज असा भरला की स्वयंपाकघरातून आमच्या ह्यांनी विचारलं, "बाईंचा तंबोरा घेऊन आलीस का?" पाट सव्वाशे वर्षांचा आहे, सासूबाईंच्या सासूबाईंचा. तेवढा तुमच्याकडं नसला तरी चालेल, कोपरा मात्र हवाच. तरीही आवाज बोजड वाटला तर कंपनीच्या ॲपमध्ये बेसची पट्टी असते, ती एक-दोन घर खाली घ्या. जव्हारी मोकळी होते.

बॅटरी कंपनी १२ तास सांगते. माझ्या हळू आवाजात आठवडाभर रोज तास-सव्वा तास वाजला आणि मग त्यानं मागितलं नसताना मी स्वतःहून चार्ज केला, कारण पुन्हा आलापात कुणी बोललेलं मला खपणार नाही. वीज गेली तरी रियाज थांबत नाही, हे आमच्या भागात थोडं नाही.

आयपी ६७ म्हणजे धुळीपासून पूर्ण बचाव आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास. मुलानं हे फार कौतुकानं सांगितलं. आम्ही सांगलीकर २०१९ चा ऑगस्ट पाहून बसलोय. अर्ध्या तासात ओसरणारा पूर कृष्णेनं अजून दाखवलेला नाही.

आता त्रास. तबल्याच्या ॲपवर मात्रा पडद्यावर लुकलुकतात, आणि ब्लूटूथमुळं आवाज किंचित मागून येतो. डोळे पडद्यावर ठेवून गायलात तर समेवर तुम्ही आधी पोचता आणि तबला नंतर. मी दोन आठवडे स्वतःला लयीत कच्ची समजत होते. फोन उपडा ठेवला, प्रश्न मिटला. पण फोनवरच्या पेटीचे स्वर दाबून वाजवायचे असतील तर उपाय नाही, बोट आणि सूर यांची गाठच पडत नाही. वायर जोडायला या फ्लिपला जुन्या पद्धतीचं गोल भोकही नाही, त्यामुळं तोही मार्ग बंद. ज्यांना फक्त तंबोरा हवा आहे, ॲप वगैरे नको, त्यांनी सरळ इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी घ्यावी. एक बटण, फोनची भानगड नाही.

फोनची भानगड म्हणजे फोन येणं. यमनच्या निषादावर कर्ज देऊ करणारी बँक आली की सगळं संपतं, आणि मी तर बत्तीस वर्षं दुसऱ्यांना कर्ज देण्यातच घालवली. विमानाचं चिन्ह दाबा आणि मग ब्लूटूथ तेवढं परत सुरू करा. तंबोरा चालतो, जग बंद राहतं.

एकाच गोष्टीवर उपाय सापडायला महिना गेला. हा स्पीकर एका वेळी दोन फोन धरून ठेवतो. आमच्या ह्यांनी एकदा त्यावर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली, तेव्हापासून सकाळी मी स्पीकर सुरू केला की त्यांचाही फोन गुपचूप जोडला जायचा. भैरवचा कोमल रिषभ डोळे मिटून लावत होते, सूर हलत होता, स्थिरावत होता, आणि पाटावरून सोयाबीनचे बाजारभाव सुरू झाले. न्हाणीघरात बातम्या लावल्या होत्या यांनी. "अगं, आवाज का येत नाहीये?" असं वर मलाच विचारत होते.

त्यांच्या फोनमधून मी स्पीकरचं नाव काढून टाकलंय. त्यांना वाटतंय स्पीकर बिघडला, आणि परवा म्हणत होते, वॉरंटीत आहे, दुकानात नेऊन आणतो. मी म्हटलं, राहू दे, माझ्याकडं चालतोय.