पर्शियन, हिमालयन की एक्झॉटिक? कोल्हापूरच्या घरासाठी तीन सख्ख्या जातींची तुलना

कोल्हापुरात जातिवंत मांजर घ्यायचे ठरले की बहुतेकांच्या तोंडी पहिला शब्द ‘पर्शियन’ हाच येतो. विक्रेत्याकडे गेल्यावर मात्र पंच फेस (चपट्या नाकाचा चेहरा), सेमी पंच (थोडा कमी चपटा), डॉल फेस (पुढे आलेल्या नाकाचा चेहरा), ट्रिपल कोट (फार दाट केस) असे शब्द कानावर पडतात आणि नेमके काय घ्यायचे हे ठरवणे अवघड होऊन बसते. हे शब्द बाजारातले आहेत. मांजरांची नोंदणी करणाऱ्या संघटनांच्या ब्रीड स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीच्या लिखित मानकात, जातींची विभागणी या शब्दांनी होत नाही. म्हणून ही तुलना मी मानकांच्या आधारे करत आहे. नऊ वर्षे राजारामपुरीतल्या घरात पर्शियन मांजरी सांभाळताना जे अनुभवास आले, तेही जोडीला सांगतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी, ती म्हणजे या तिन्ही जातींचा सांगाडा एकच आहे. रुंद छाती, आखूड व जाड पाय, गोल डोके, एकमेकांपासून दूर बसवलेले लहान गोलसर कान आणि मोठे गोल डोळे ही अपेक्षा तिघींकडूनही केली जाते. अमेरिकेतील सीएफए (कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन) ही संघटना हिमालयनला आता स्वतंत्र जात मानतच नाही. तिने 1957 मध्ये हिमालयनला मान्यता दिली आणि 1984 मध्ये तिला पर्शियनचाच एक रंगविभाग करून टाकले. टिका (द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन) या संघटनेत तिन्ही नावे वेगळी आहेत, पण ती एकाच गटात मोडतात आणि त्यांचे मानकही एकच आहे. ब्रिटनमध्ये हिमालयनसारख्या रंगाच्या मांजरीला कलरपॉइंट म्हणण्याची रीत आहे. त्यामुळे परदेशी कागदपत्रांत नाव वेगळे दिसले तर फसवणूक झाली असे लगेच समजू नये.

फरक आहे तो अंगावरच्या केसांचा आणि रंगाचा. पर्शियनचे केस लांब, दाट आणि अंगापासून उठून दिसणारे असावे लागतात व गळ्याभोवती भरघोस झालर लागते. हिमालयनचे केस तसेच असतात. रंग मात्र सयामी मांजरीचा, म्हणजे अंग फिकट, तोंड, कान, पाय व शेपूट गडद आणि डोळे निळे. हिमालय पर्वताशी तिचा काही संबंध नाही. असाच रंग असलेल्या हिमालयन सशावरून हे नाव पडले. एक्झॉटिक ही आखूड केसांची पर्शियन होय. अमेरिकन शॉर्टहेअर आणि पर्शियन यांच्या संकरातून ती उभी राहिली, 1966 मध्ये सीएफएने तिला स्वतंत्र नाव दिले आणि 1987 पासून इतर आखूड केसांच्या जातींशी तिचा संकर बंद केला. तिचे केस मध्यम लांबीचे, मऊ आणि मखमलीसारखे दाट असावेत, असे मानक सांगते.

आता गुणांचा हिशेब पाहू, कारण खरी गोष्ट तिथेच कळते. सीएफएच्या मानकात 100 पैकी 30 गुण डोक्याला आहेत आणि त्यात डोळे व कान यांचा समावेश होतो. शरीराच्या ठेवणीला 20, रंगाला 20 आणि डोळ्यांच्या रंगाला 10 गुण आहेत. उरलेल्या गुणांपैकी समतोल व नाजूकपणा यांना प्रत्येकी 5 आणि केसांना केवळ 10 गुण मिळतात. हिमालयनच्या बाबतीत रंगाचे 20 गुण अंगाचा रंग आणि गडद भाग यांत निम्मे निम्मे वाटले जातात. आपल्याकडे गिऱ्हाईक ज्या केसांसाठी पैसे मोजते त्यांना दहा गुण, आणि चेहऱ्याला त्याच्या तिप्पट! प्रदर्शनासाठी मांजरी पैदा करणाऱ्यांचा सारा कल चेहऱ्याकडे का झुकला, हे यावरून समजते.

चेहऱ्याच्याच बाबतीत संघटनांची मते जुळत नाहीत, आणि विकत घेणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे असे माझे ठाम मत आहे. बाजूने पाहिल्यास कपाळ, नाक व हनुवटी एका उभ्या रेषेत दिसावीत आणि नाकाची खोबण, म्हणजे कपाळ व नाक जिथे मिळतात तिथला खळगा, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध असावी, असे सीएफएचे मानक सांगते. ब्रिटनमधील जीसीसीएफ ही संघटना मात्र नाकपुड्यांच्या भागाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर नसावी, अशी मर्यादा घालते. ही मर्यादा ओलांडलेल्या मांजरीला श्वास घ्यायला त्रास होतो, डोळ्यांतून सतत पाणी वाहते आणि उन्हाळ्यात धापा टाकून अंग थंड करणेही तिला नीट जमत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत अशी मांजर ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे. एक्झॉटिक घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण केस आखूड असले तरी नाक तेच असते. म्हणून जात कोणतीही निवडा, पण पिल्लाला समोरून पाहा आणि नाकाची वरची कड डोळ्याच्या खालच्या रेषेच्या खाली आहे ना, एवढे तपासा. बाजारात ज्याला डॉल फेस म्हणतात तो चेहरा बहुधा या कसोटीला उतरतो. पंच फेस क्वचितच उतरतो.

कोल्हापूरच्या हवेचा विचार केला तर केसांचा प्रश्न पावसाळ्यात गंभीर होतो. जून ते सप्टेंबर घरात ओल असते, धुतलेली मांजर लवकर वाळत नाही आणि लांब केसांच्या मुळाशी दमटपणा राहतो. पर्शियन वंशाच्या मांजरांना बुरशीजन्य त्वचारोगाची बाधा होण्याचे प्रमाण मुळातच अधिक असते, त्यात ही भर पडते. माझ्या पहिल्या मांजरीच्या काखेत व पोटाखाली एका आषाढात केसांच्या अशा गाठी झाल्या, की शेवटी सगळे अंग भादरावे लागले. रोज पंधरा-वीस मिनिटे लोखंडी कंगव्याने मुळापासून विंचरणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी पर्शियन किंवा हिमालयन घेऊ नये. एक्झॉटिकला आठवड्यातून दोनदा विंचरणे पुरते. केस मात्र तिचेही गळतात, आणि डोळ्यांचे कोपरे तिघींचेही रोज ओल्या कापसाने पुसावे लागतात.

हिमालयनबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिचा गडद रंग शरीराच्या थंड भागांवरच उमटतो, कारण रंग तयार करणारे विकर (एन्झाइम) उष्णतेत काम करत नाही. त्यामुळे पिल्ले जवळजवळ पांढरी जन्मतात आणि पुढे कान-नाक काळवंडत जातात. थंडीच्या दिवसांत तिचे अंग भादरले तर तिथले नवे केस गडद उगवू शकतात. रंगासाठीच ती घेणार असाल, तर भादरण्याची वेळ येऊ न देणे हाच उपाय आहे.

रक्त एकच असल्याने आजारही सामाईक आहेत. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा पीकेडी हा आनुवंशिक विकार पर्शियन वंशात पूर्वीपासून आढळतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून दोषी जनुक आले तरी पिल्लाला तो होतो. त्यास कारणीभूत असलेला जनुकीय बदल 2004 मध्ये सापडला, आणि तेव्हापासून गालाच्या आतील नमुन्यावरून तपासणी करता येते. वंशावळीच्या प्रमाणपत्रापेक्षा आई-वडील दोघांचा हा अहवाल आधी मागावा. जो विक्रेता पिल्लाची आई दाखवायलाही तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

माझा कौल विचाराल तर नोकरी करणाऱ्या कुटुंबासाठी मध्यम नाकाची एक्झॉटिक मी पहिली निवडेन. मात्र एक्झॉटिकच्या नावाखाली साधे संकरित पिल्लूही दाखवले जाते, म्हणून तिच्या बाबतीत नोंदणीच्या कागदांना महत्त्व आहे. घरात दिवसभर कोणी असेल आणि विंचरण्याची हौस असेल, तर डॉल फेस पर्शियन उत्तम. हिमालयन तिसरी, आणि तीही शहाबादी फरशीच्या थंड, हवेशीर घरासाठी. पिल्लू बारा आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ राहू द्यावे आणि शक्यतो दिवाळीनंतर आणावे, म्हणजे पहिला पावसाळा येईपर्यंत त्याला कंगव्याची सवय झालेली असते.