एचबीएवनसी 6.1 आल्यावर: साखर, गूळ, काकवी की मध?

दादांचा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी वहिनींचा फोन. "भावजी, साखरेचा डबा रिकामा करून घासून पालथा घातलाय. उद्यापासून चहा गुळाचा. तुम्ही रसायनवाले, कुठला गूळ आणू तेवढं सांगा."

दादांचं एचबीएवनसी, गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा रक्ताचा आकडा, 6.1. म्हणजे 5.7 च्या पुढे गेलं, पण मधुमेह जिथे धरतात त्या 6.5 च्या अलीकडेच. काठावर. मी जन्मभर ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि आजोळी करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं. गुळाची बाजू घ्यायला माझ्याकडे माणसं, आठवणी, सगळं आहे. तरी फोनवर म्हणालो, "डबा सरळ करा वहिनी, सविस्तर सांगतो." तेच सविस्तर इथे लिहितो, कारण हा फोन आता घरोघरी होतोय.

आधी डब्यात काय असतं ते बघू. साखर म्हणजे जवळजवळ निव्वळ सुक्रोज: कार्बनचे 12, हायड्रोजनचे 22, ऑक्सिजनचे 11 अणू. त्यात ग्लुकोजचा एक आणि फ्रुक्टोजचा एक असे दोन रेणू हातात हात घालून उभे असतात. साखरेत दुसरं काही नाही म्हटलं तरी चालेल. गुळातही मुख्य माल हाच. चांगल्या गुळात सुक्रोज साधारण 65 ते 85 टक्के, आणि 10-15 टक्के साखर आधीच फुटलेली, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे झालेले. उरलेल्यात थोडं पाणी, क्षार, थोडी प्रथिनं आणि रंग. काकवी हा त्याच काहिलीतला, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईतला, अलीकडचा थांबा. रस 105-106 अंशांपर्यंत तापवून उतरवला की काकवी, 118-120 पर्यंत नेला की निववायच्या वाफ्यात ओतून गूळ बसतो. मधात मधमाश्यांनी आपल्या विकराने (एन्झाइमने) सुक्रोज फोडून ठेवलेलं असतं, म्हणून त्यात फ्रुक्टोज सुमारे 38 टक्के, ग्लुकोज 31 टक्के आणि पाणी सतरा-अठरा टक्के.

फुटलेल्या साखरेला पुस्तकात इन्व्हर्ट शुगर म्हणतात. सुक्रोजचं द्रावण ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवतं, आणि ते फुटलं की मिश्रण डावीकडे वळवायला लागतं. दिशा उलटते म्हणून हे नाव. मुलांना पोलारीमीटरमध्ये हे दाखवताना वर्गात जी शांतता व्हायची, तेवढी परीक्षेलाही होत नसे.

आता पोटात काय होतं? लहान आतड्याच्या अस्तरावर सुक्रेज नावाचं विकर बसलेलं असतं. ते सुक्रोजची जोडी तोडतं. तोडल्यावर त्या ग्लुकोजला गाव-शिवार काही राहत नाही. तो कारखान्याच्या पोत्यातून आला की शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या रव्यातून, हे आतड्याला कळत नाही आणि स्वादुपिंडालाही कळत नाही. उलट गुळातला जो भाग आधीच फुटलेला असतो, त्याला तोडायचीही गरज पडत नाही. एका ग्रॅमला साधारण चार कॅलरी, दोन्हीकडे. गुळात पाणी आणि क्षार असल्याने वजनाला किंचित कमी भरतात, पण गोडीही तेवढीच कमी लागते आणि मग हात सैल सुटतो. वहिनींच्या चहातच बघा. साखर चमच्याने मोजून पडायची, गुळाचा खडा मात्र डोळ्यांच्या अंदाजाने पडतो.

हे केवढं लहान माप आहे ते सांगतो. उपाशीपोटी रक्तातली साखर डेसिलिटरला 90 मिलिग्रॅम धरली आणि अंगात पाच लिटर रक्त धरलं, तर सगळ्या शरीरभर फिरणारं ग्लुकोज भरतं साडेचार ग्रॅम. एक चहाचा चमचा. एवढ्याशा साठ्यावर शरीर रात्रंदिवस पहारा देतं.

आणि एचबीएवनसी म्हणजे तरी काय? रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या प्रथिनाला हळूहळू चिकटत जातं, त्यासाठी कुठलं विकर लागत नाही. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब त्यात उतरतो. गंमत अशी की काहिलीत रस आटताना जो तांबूस रंग चढतो, त्यातही सुट्या शर्करा आणि अमिनो आम्लं यांची हीच जवळीक असते. चुलवाणावर काही तासांत घडतं ते दादांच्या नसांत 37 अंशांना महिनोन्महिने चाललंय. तिथे गुळाचा उजेड पडत नाही.

मग फ्रुक्टोजमुळे मध बरा का? फ्रुक्टोज रक्तातली साखर लगेच वर नेत नाही हे खरं. तो बहुतांशी यकृताकडे जातो आणि जास्त झाला की तिथे चरबी बनायला हातभार लावतो. मधात तो जास्त असला तरी शेजारी ग्लुकोजही भरपूर आहे. भुदरगडातलं पाटगाव मधाचं गाव म्हणून नावाजलंय, तिथला मध जरूर आणा, भाकरीवर चाखा. पण मधुमेहाच्या काठावरच्या माणसाने तो औषध म्हणून चमच्या-चमच्याने घेऊ नये. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नका, बोट्युलिझमचे जंतुबीज त्यात असू शकतात. बारशाला आलेल्या आजीबाईंचं यावर काहीही म्हणणं असो.

गुळाच्या बाजूने सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे लोह. गुळात लोह असतं, साखरेत जवळपास नसतं, हे मान्य. गुळाच्या 100 ग्रॅममध्ये 2.5 पासून 11 मिलिग्रॅमपर्यंत लोह असल्याचे आकडे वेगवेगळ्या कोष्टकांत सापडतात. अगदी वरचा आकडा धरला तरी दिवसाच्या 20 ग्रॅम गुळातून दोन मिलिग्रॅमच्या थोडं वर. बाईमाणसाला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह हवं असं आपली आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. ते गुळातून भरून काढायचं तर आधी साखरेचा दवाखाना गाठावा लागेल. लोहासाठी पालेभाजी, मटण, हळीव आणि डॉक्टरांनी दिली असेल तर गोळी. चहातल्या गुळावर हा भार टाकू नये, त्यात चहातली टॅनिनं ते थोडंसं लोहही अडवून धरतात.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा माणूस गुळाच्या वाईटावर आहे. तसं नाही. गुळाची खरी बाजू स्वयंपाकघरात आहे आणि तिथे तो साखरेला सहज मागे टाकतो, निदान निम्म्या पदार्थांत. पुरणात साखर घातली तर गोड लागतं, पण त्याला खोली नसते. चिक्कीला गूळ का चालतो? फुटलेली साखर सुक्रोजचे स्फटिक जमू देत नाही, त्यामुळे पाक काचेसारखा राहतो, रवाळ होत नाही. साखरेच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते याचसाठी: आम्लाने थोडं सुक्रोज फुटतं आणि पाक साखरत नाही. गुळाला लिंबू लागत नाही, कारण हे काम काहिलीत आधीच होऊन गेलेलं असतं.

याच गुणाची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते. सुटं फ्रुक्टोज हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून जुलैत गूळ पाघळतो आणि साखर निवांत बसते. वर्षाचा गूळ भरून ठेवणाऱ्यांनी ढेप कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि पावसाआधी निम्मी तरी संपवावी.

चहाचं मात्र जपून. पाहुणे समोर बसलेले असताना माझ्या हातून दूध फुटलंय, पातेलंभर. गुळात थोडी आम्लता असते, क्षार असतात, आणि उकळत्या दुधात तो टाकला की केसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन, गोळा होतं. गॅस बंद करून, चहा जरा निवू देऊन मग गूळ विरघळवा. नाहीतर कोराच घ्या, गुळाचा कोरा चहा आल्यासकट झकास लागतो.

आता गूळ घ्यायचाच ठरला, तर कुठला? साखर-गुळापेक्षा या प्रश्नात जास्त अर्थ आहे, कारण गुळागुळांत फार अंतर असतं. ऊस तोडल्यावर दिवसाच्या आत घाण्याला गेला नाही तर उसातल्याच विकराने सुक्रोज फुटत जातं. मग गुळव्याने कितीही कसब लावलं तरी गूळ बसत नाही, चिकट राहतो. रसात चुना घालतात तो आम्लता मारून ही फूट रोखण्यासाठी. रानभेंडीचं पाणी घालतात ते मळी, म्हणजे रसातला मळ, वर आणण्यासाठी, भेंडीचा चिकट पदार्थ गाळ धरून ठेवतो. दोन्ही गोष्टी जुन्या आणि निर्धोक.

भानगड आहे ती हायड्रॉसची. सोडियम हायड्रोसल्फाइट रस पिवळाधमक करतं. गुजरातच्या पेठेला फिका पिवळा माल लागतो, त्याला भाव चढतो, म्हणून ही पावडर वाढली. गुळात सल्फर डायऑक्साइड किती असावा यावर दहा लाखांत 70 भागांची मर्यादा आहे. असा गूळ ठेवला की काही दिवसांनी आपोआप काळवंडतो, कारण घालवलेला रंग हवेने परत येतो. पण याचा अर्थ काळा तो शुद्ध असाही नाही. चुलवाणावर जास्त जाळलेला, मळी नीट न काढलेला गूळही काळाच दिसतो, आणि हल्ली 'सेंद्रिय' म्हणून तोच दीडपट भावाने विकतात. मी बघतो ते असं: फोडल्यावर दाणा दिसतो का, जिभेवर खारट लागतो का (क्षारपड जमिनीचा ऊस किंवा जास्तीचं खत चवीत उतरतं), आणि पाण्यात विरघळवल्यावर तळाला काय बसतं. रंग सगळ्यात शेवटी. गुळात साखर मिसळली असेल तर ते घरी ओळखणं कठीण, कारण मिसळलेलं सुक्रोज आणि उसातलं सुक्रोज एकच.

एक गोष्ट साखरेच्या बाजूने सांगायला हवी. साखर गंधकाने शुभ्र करतात म्हणून नाक मुरडणारे लोक हायड्रॉसचा गूळ आनंदाने खातात. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रस चुना आणि गंधकाच्या धुरानेच स्वच्छ होतो, हे खरं आहे. पण पुढे स्फटिक बनताना आणि यंत्रात धुतले जाताना तो गंधक बराचसा मागे राहतो. गूळ धुता येत नाही. काहिलीत जे पडलं ते ढेपेत आलं.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी नाव कोल्हापूरचं आणि माल भलतीकडचा हा प्रकार चालतोच. ओळखीचं गुऱ्हाळ असेल तर दिवाळीच्या पाडव्यानंतर, हंगाम रंगात आल्यावर, स्वतः जाऊन काहिलीसमोर उभं राहून घ्या. गरम काकवीही मिळेल, तो भाग वेगळा.

तर वहिनी, तुमच्या घरचा हिशेब. दादांचे दिवसाचे दोन चहा, प्रत्येकी एक चमचा साखर: दहा ग्रॅम, त्यातलं ग्लुकोज पाच ग्रॅम. आणि पांढऱ्या रश्श्याबरोबर ते जो भात घेतात, तो वाटीभर, म्हणजे 150 ग्रॅम, धरला तरी त्यात पिष्ट 40 ग्रॅमच्या आसपास, आणि पिष्ट म्हणजे नुसती ग्लुकोजची माळ. तोंडातल्या लाळेपासून तुटायला लागते. दादा दोन वाट्या घेतात हे मी स्वतः पाहिलंय. साखरेऐवजी गूळ आणून यात काही हलणार नाही. एक वाटी भात कमी करा, ज्वारीची भाकरी आणि उसळ वाढवा. भाकरीतही पिष्ट आहेच, पण तिच्यात तंतू जास्त आहेत, आणि उसळीबरोबर ते सावकाश उतरतं. जेवणानंतर रंकाळ्याला एक फेरी मारा, चालताना स्नायू ग्लुकोज उचलतात आणि इन्सुलिनवरचा भार हलका होतो.

चहात साखर राहू दे, फक्त चमचा अर्धा करा. पंधरा दिवसांत जीभ सवय करून घेते. गूळ पुरणपोळीला, तिळगुळाला, आणि आठवड्यातून एकदा भाकरीबरोबर खडा. घरात नातू असेल तर काकवीचा तांब्या वरच्या फळीवर. मध सर्दीला, मोठ्यांसाठी.

दादांना अजून गोळी चालू नाही म्हणून हे सगळं असं सांगता येतंय. गोळी किंवा इन्सुलिन सुरू झालं आणि कधी घाम फुटून साखर उतरली, तर तेव्हा गूळ चघळत बसू नका. ग्लुकोज पावडर तीन चमचे पाण्यात, ते सगळ्यात लवकर चढतं, नसेल तर तेवढीच साखर.

पुढचा रिपोर्ट तीन महिन्यांनी काढा. त्याआधी लाल पेशी बदललेल्या नसतात, आकडा तुम्हाला खरं सांगणार नाही.