ई-कोर्ट्स ॲप: अपिलातल्या पक्षकाराचा अनुभव

वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीचे आमचे दुसरे अपील (पहिल्या अपिलाच्या निकालाविरुद्धचे) मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात प्रलंबित आहे आणि त्याची वाटचाल मी 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' या मोफत ॲपवर पाहतो. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतून उच्च न्यायालयात येणारी अपिले सिव्हिल लाइन्समधल्या इमारतीत चालतात, त्यामुळे गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाच्या सिरोंच्याच्या माणसाला आपले प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, आहे की नाही हे घरबसल्या कळणे ही लहान सोय नाही. प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र ओळख असलेला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख, आधीच्या तारखांचा इतिहास आणि आदेशांच्या प्रती समोर येतात.

मला याचा खरा उपयोग झाला तो एका अडचणीच्या वेळी. अपील दाखल झाल्यावर आधी स्टॅम्प क्रमांक, म्हणजे तात्पुरता क्रमांक, मिळतो. न्यायालयाच्या कार्यालयाने काढलेली ऑब्जेक्शन्स, म्हणजे कागदपत्रांतल्या त्रुटी, दूर झाली की मगच नोंदणी क्रमांक पडतो. आमचे तेव्हाचे वकील 'काम सुरू आहे' एवढेच सांगत राहिले, पण कित्येक महिन्यांनंतरही ॲपवर स्टॅम्प क्रमांकच दिसत होता. चौकशीअंती कळले की, खालच्या न्यायालयाच्या निकालाच्या नकलेतले एक पान पुसट होते आणि त्याची टंकलिखित प्रत कोणी जोडलीच नव्हती. ती जोडायला एक दिवस पुरला.

म्हणूनच माझी कळकळीची सूचना आहे की, तारखेइतकीच तारखेआधीची कामेही पक्षकाराला सोप्या मराठीत दिसावीत: कोणते ऑब्जेक्शन बाकी आहे, नोटीस कोणाला बजावली गेली आणि कोणाला नाही, खालच्या न्यायालयातून मूळ कागदपत्रे आली का. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 नुसार दुसरे अपील कायद्याच्या सारभूत (महत्त्वाच्या) प्रश्नावरच दाखल करून घेतले जाते. त्या प्रश्नावर युक्तिवाद व्हायच्या आधीच एखाद्या पुसट पानापायी वर्ष निघून जाणे फार क्लेशदायक असते.

नव्या पक्षकारांनी सीएनआर क्रमांक वकिलांकडून पहिल्याच दिवशी मागून घ्यावा आणि प्रकरण 'माय केसेस'मध्ये जतन करावे. उच्च न्यायालयाचे आदेश इंग्रजीत असतात, ते मी आईला मराठीत समजावून सांगतो. पुढची तारीख मात्र ती ॲपवर स्वतः पाहते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते.