फ्लोटांचा तयार संच: 399 रुपये, बारा नग आणि एक तुटकी चप्पल

मी नंबर प्लेटा रंगवतो आणि रेडियम कापतो. रंगवायचो, असं म्हटलं तर जास्त खरं. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच सरकारी नमुन्याच्या प्लेटा यायला लागल्या, पुढे जुन्या गाड्यांनाही त्याच सक्तीच्या झाल्या, आणि माझ्या दुकानात दुपार मोठी झाली. तेव्हापासून रविवार तर रविवार, कधी मंगळवारीही मी गरी घेऊन मासे धरायला पाण्याकाठी असतो.

गरीचा नाद आजोबांचा. सामान माझं, सहा-सात वर्षांचं जमवलेलं, एका पत्र्याच्या पेटीत. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी आमच्या शंकरनगरकडच्या वस्तीत शिरली आणि ती पेटी पलंगाखाली दोन दिवस गाळात बसली. उघडली तेव्हा गळांचा एकच गंजका गोळा निघाला, तंगूसच्या, म्हणजे गरीच्या नायलॉन दोऱ्याच्या, गुंड्यांना कुजकट वास. पेटी बुडाली, पण चपला मात्र खोलीभर फिरत होत्या. बायकोची निळी हवाई चप्पल तर खिडकीच्या गजाला जाऊन टेकली होती. त्यातून काही सुचायला पाहिजे होतं. सुचलं दीड वर्षानं, तेही 399 रुपये घालवल्यावर.

तर हा अभिप्राय त्या 399 रुपयांचा. ऑनलाइन मागवलेला फ्लोटांचा मिश्र संच, बारा नग, पोच फुकट. फ्लोट म्हणजे तंगूसला लावायचा तरंगता तुकडा, मासा गळाशी आला की तो हलून सांगतो. कंपनीचं नाव डब्यावर होतं, मी ते इथे लिहीत नाही. अशा डझनभर नावांनी हाच माल येतो असं मला फोटो बघून वाटतं.

डबा हातात आला तेव्हा जीव हरखला, खोटं कशाला बोलू. पारदर्शक, दोन खटक्यांचा, आत बारा खाने. चार फ्लोट काडीसारखे बारीक, चार गाजरासारखे, चार लिंबाएवढ्या पोटाचे. लाकूड बाल्साचं, नखानं दाबलं तर खड्डा पडेल इतकं हलकं. रंग मी उजेडात फिरवून फिरवून पाहिला, कारण तेवढंच मला कळतं. लालातून नारिंगीत उतरलेली छटा सफाईदार, टेपच्या रेघा कुठेही फाटलेल्या नाहीत. रंगारी चांगला होता. वार्निशचा हात मात्र एकच, तोही पातळ. हे मला तिथल्या तिथे दिसलं होतं, पण नव्या डब्याच्या कौतुकात मी आपल्याच धंद्यातली गोष्ट गिळली.

पहिली परीक्षा घरीच घेतली, वीस लिटरच्या रंगाच्या डब्यात पाणी भरून. शेजारच्या गाळ्यात सोन्याचं काम करणारा कारागीर बसतो, त्याच्या काट्यावर शिसं तोलून आणलं. फ्लोटवर 3 ग्रॅम छापलेलं, म्हणजे तेवढ्या शिशानं तो टोकापर्यंत बुडायला पाहिजे, म्हणून तीन ग्रॅम लावलं. पहिला सरळ तळाशी गेला. त्याच आकड्याचा दुसरा अर्धा बाहेर, भोंग्यासारखा उभा. त्याला साडेतीन ग्रॅम लागले. भाचा बाजूला बसून बघत होता.

"मामा, कायले एवढं मोजून राह्यले? तरंगते नं, झालं तं!"

तरंगायला काय, रिकामी बाटलीही तरंगते. रोहू पिठाची गोळी आधी ओठात धरून बघतो. बुचाचा जेवढा भाग पाण्याबाहेर असेल तो खाली ओढताना त्याला तेवढाच जोर लागतो. बोटभर भाग बाहेर असला की त्याला ओढ कळते आणि गोळी थुंकून तो मोकळा. म्हणून शिसं इतकं लावायचं की गव्हाच्या दाण्याएवढंच टोक वर दिसलं पाहिजे. आजोबा बुचाला चिमटीत धरून त्याच्या शिशातून ब्लेडनं नखाएवढे तुकडे काढत बसायचे, ते यासाठी, हे मला चाळिशीत कळलं. आमच्या घरात दुकानातून आणलेलं असेल तर फ्लोट, हातानं केलेलं असेल तर बूच. हा फरक पुढे तसाच ठेवतो.

पाण्यावर संच कसा वागला ते थोडक्यात. उमरेड रोडकडचा एक तलाव आहे. नाव सांगणार नाही, आधीच माझ्या जागेवर कोणीतरी बसलेलं असतं. तिथे मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारून बसावं लागतं, तुम्हीही कुठे बसाल तिथे विचारूनच बसा. तिसऱ्या खेपेला गाजरासारख्या फ्लोटांपैकी एक आपोआपच खाली जायला लागला. मी दोनदा झटका मारला, दोन्ही वेळा काही नाही. काढून पाहिला तर टोकाकडचा रंग उकललेला आणि आतलं लाकूड पाणी पिऊन जड झालेलं. लाकडाचं आडवं कापलेलं तोंड सगळ्यात जास्त पाणी पितं. दाराच्या खालच्या कडेला रंग मारायला विसरलेल्या प्रत्येक माणसाला हे माहीत आहे. फ्लोट करणाऱ्यांनी नेमकी तीच जागा उघडी टाकली होती. लिंबाएवढ्या पोटाच्या दोघांच्या बुडातली तारेची कडी ओढीसरशी निघून आली. एक तर माशासकट गेला. तो मासा किती मोठा होता, ते मी विनाकारण वाढवून सांगणार नाही, पण छोटा नव्हता.

बारीक काडीचे चार मात्र चांगले निघाले. त्यांच्यावर मी घरचं वार्निश आणखी दोनदा मारलं, ते अजून चालतात.

मग घरी करायला बसलो. तेव्हा फेब्रुवारी होता. संक्रांतीनंतर नागपुरात प्रत्येक तारेवर, प्रत्येक कडुलिंबावर फाटके पतंग लोंबत असतात. गच्चीवर पडलेले भाच्यानं गोळा करून आणले. पतंगाची मधली उभी काडी म्हणजे बुचासाठी तयारच दांडी. बांबूची, सरळ, चिवट, एका टोकाला निमुळती. ब्लेडनं खरडून गोल केली, मग पॉलिश पेपर मारला. जुन्या शुक्रवारीत पतंगवाल्याकडे अशा काड्या गठ्ठ्यानं विकतही मिळतात, पण आमचं काम कचऱ्यात भागलं. एक सांगतो, त्याच गच्चीवर नायलॉन मांजाही ढिगानं पडलेला असतो आणि तंगूसच्या जागी तो वापरायचा मोह होतो. वापरू नका. 2017 पासून त्याच्यावर देशभर बंदी आहे, आणि तुटून झाडाझुडपात राहिला तर त्यात पाणकावळा अडकतो, कधी शेजारच्या पोराची मानही.

पोटासाठी आधी थर्माकोल घेतला, टीव्हीच्या खोक्यातला. सुरेख गोल घासला, दांडीत बसवला आणि सवयीनं हातातली स्प्रेची बाटली मारली. तीस वर्षं रंगात काढलेला माणूस मी. डोळ्यादेखत तो गोळा फसफसत आत गेला आणि सुकलेल्या बोरासारखा झाला. थिनर, पेट्रोल, स्प्रे, सगळं थर्माकोलला खातं. भाचा हसून हसून लोळला. मग दोन ट्यूबांचा एपॉक्सी कालवून थर्माकोलवर पातळ लेप दिला, तो वाळल्यावर वरून ऑइलपेंट, तेव्हा कुठे जमलं. सुतारकामाचा साधा पांढरा गोंद चालत नाही, पाण्यात राहून मऊ पडतो. ग्लूगननं चिकटवलेली चार बुचं मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत राहिली आणि संध्याकाळी दांड्या वेगळ्या, पोटं वेगळी. आपल्याकडे 45 अंशांचं ऊन आणि त्यात बंद डिकी, ग्लूगनच्या कांडीनं तरी काय करावं.

थर्माकोलचं बूच हलकं असतं, शिसं भरपूर घेतं, पण पिशवीत घासून घासून त्याचे दाणे सुटतात. शेवटी बायकोची ती निळी चप्पल आठवली. पुरातून वाचली होती, नंतर पट्टा तुटून कोपऱ्यात पडली होती. विचारून घेतली.

"घ्या नं. पण ते शिसं माह्या गॅसवर वितळवाचं नाही, सांगून ठेवते."

हवाई चप्पलेचा तळवा म्हणजे बारीक बारीक बंद फुगे भरलेलं रबर. पाणी पीत नाही, डिकीत आपटलं तरी काही होत नाही. जाळ्यांना चपलेचे तुकडे बांधलेले मी लहानपणी कन्हान नदीवर पाहिले होते, पण तेव्हा ते गरिबीचं वाटायचं. स्टीलच्या नळीचा बोटभर तुकडा घेतला, एक कड कानसेनं धारदार केली, फळीवर तळवा ठेवून हातोडीनं एक ठोका. गोल टिकली बाहेर. अशा तीन टिकल्या एकावर एक एपॉक्सीनं चिकटवल्या, मधून गरम सुईनं भोक, भोकात पतंगाची काडी. मग खालची-वरची कड ब्लेडनं उतरवून गाजराचा आकार. एका चपलेत नऊ बुचं झाली. टाचेकडचा भाग झिजून दबलेला असतो, तिथलं बूच कमी तरंगतं. पंजाकडचा भाग आधी वापरा.

तारेची कडी मी लावतच नाही. सायकलच्या दुकानात वालट्यूब मिळते, बारीक रबरी नळी, वीतभर पाच-दहा रुपयांत. तिचे तांदळाएवढे दोन तुकडे कापून दांडीवर चढवायचे आणि तंगूस त्यांच्याखालून न्यायचा. बूच वर-खाली सरकवून खोली ठरवता येते. वारा असला तर वरचा तुकडा काढून बूच फक्त खालच्या टोकाला अडकवतो. मग तंगूस पाण्याखाली बसतो आणि वारा त्याला ढकलत नाही.

शिसं टायरवाल्याकडून. चाकाचा तोल साधायला लावतात त्या जुन्या पट्ट्या, तो टोपलीत टाकून देतो. नखानं ओरखडा उमटला तर शिसं, नाही उमटला तर लोखंड किंवा जस्त. वितळवायची गरजच नाही. पत्रा कापायच्या कात्रीनं पातळ पट्टी कापायची आणि तंगूसभोवती विडीसारखी गुंडाळायची. कमीजास्त करायला सोपं, ब्लेड लावलं की झालं. शिसं हाताळलेल्या हातांनी आमिषाची कणीक आणि ढेप मळू नका, साबणानं धुवा. मी त्यासाठी वेगळी बाटली नेतो, कारण त्याच हातानं सकाळचे तर्री-पोहेही खायचे असतात.

रंगाबद्दल माझं बोलणं थोडं ऐकून घ्या, त्यात माझा अधिकार आहे. संचातली लाल-नारिंगी टोकं सकाळी झाडाच्या सावलीतल्या काळ्या पाण्यावर छान दिसतात. दहानंतर आभाळ पाण्यात उतरतं, पाणी पांढरंफट होतं आणि लाल टोक हरवून जातं. तिथे काळंच टोक दिसतं. टॅक्सीची प्लेट पिवळीवर काळी असते, ती जोडी लांबून वाचता येते. म्हणून माझ्या बुचांना पिवळं टोक आणि त्यावर दोन काळ्या रेघा, जवाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. एक रेघ बुडाली की कोणीतरी चाखतंय, दोन बुडाल्या की हात गरीच्या काठीवर. संध्याकाळसाठी एका बुचाला रेडियमचं वेटोळं घातलंय. ते स्वतः उजळत नाही, बॅटरीचा झोत पडला की चमकतं.

पोळ्याच्या आसपास एक सकाळ अशी मिळाली की दोन्ही शेजारी शेजारी लावता आले. डावीकडे संचातला गाजर, उरलेल्यांपैकी सगळ्यात धड. उजवीकडे चपलेचं बूच. दोन्हींची शेवटची पट्टी तळाला टेकलेली, कारण मला मिरगल पाहिजे होता. कतला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधे, मिरगल तळाला. तासभर काही नाही. मग उजवं बूच बुडण्याऐवजी वर आलं. आधी रेघांखालचं पिवळं, मग त्याच्याखालचा निळा रबर दिसला आणि ते आडवं पडलं. भाचा म्हणाला, दोरी सैल झाली. झाली नव्हती. खाली मिरगलनं गोळीबरोबर तळाची पट्टी उचलली होती, बुचावरचं वजन गेलं म्हणून ते उठलं. झटका मारला. सव्वा किलो भरला, बायकोच्या काट्यावर.

त्यानंतर डावीकडची गोळी काढून पाहिली तर गळ स्वच्छ चाटलेला. गाजरानं मला काहीही सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं घरी केलं तरी गळ मी विकतच घेतो. सुई तापवून वाकवलेला गळ आजोबांच्या काळी चालत असेल, माझा पहिल्याच माशानं सरळ करून दिला. तंगूस गुंडाळायची फिरकीही विकतची. तंगूसही, आणि तो दरवर्षी बदलतो, उन्हानं ठिसूळ होतो. खर्च कापायचा असेल तर बुचात आणि शिशात कापा. माझा हिशेब: नऊ बुचांना एपॉक्सी साठ रुपये, वालट्यूब दहा, ऑइलपेंट दुकानातला उरलेला, चप्पल घरची, पतंग आभाळातले.

संचाला पाचपैकी दोन तारे देतो. एक त्या चार बारीक काड्यांसाठी. दुसरा डब्यासाठी. खटका अजून घट्ट आहे, झाकणावर मी पिवळ्यावर काळ्या अक्षरात आमच्या जुन्या स्कूटरचा नंबर लिहिलाय, आणि बारापैकी आठ खान्यांत आता निळी बुचं बसली आहेत. नववं भाच्यानं पळवलं.